काळभात आणि गावठी बियाण्याची पुडकी, वर्षभर वापरून मग लिहितेय

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या संगमनेरला शेतमालाचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं अगदी शेवटच्या रांगेत अकोले तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचा स्टॉल होता (अकोले म्हणजे आपलं नगर, आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं, भंडारदरा-कळसूबाईकडचं, विदर्भातलं अकोला नव्हे, आधीच सांगते कारण दर वेळी घोळ होतो). तिथून मी दोन गोष्टी घेतल्या, पाच किलो काळभात आणि भाज्यांच्या गावठी बियाण्याची दहा पुडकी. तांदूळ 130 रुपये किलो पडला आणि दहा पुडकी मिळून 250 रुपये. बऱ्याच जणींनी तेव्हाच विचारलेलं की कसं आहे, घेऊ का, पण तांदळाचं चार दिवसांत सांगता येतं, बियाण्याचं नाही येत. ते पेरायला लागतं, फळ यायला लागतं, त्याचं बी परत धरायला लागतं आणि ते बी उगवतंय का ते बघायला लागतं. ते सगळं करून आता लिहितेय.

आधी तांदूळ. नाव काळभात असलं तरी तांदूळ काळा नसतो, काळं असतं ते वरचं टरफल, आतला दाणा पांढराच निघतो, बारका, आखूड. हे मुद्दाम लिहितेय कारण मी तिथं उभी असताना दोघं-तिघं "हा तर पांढरा आहे" म्हणून तसेच पुढे गेले, त्यांच्या डोक्यात मणिपूरचा काळा तांदूळ चाखाव होता, जो शिजला की जांभळा होतो आणि ज्याला 2020 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तो तांदूळ निराळा, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. स्टॉलवरच्या मावशींनी एका सुपात लोंब्या ठेवल्या होत्या, खरंच काळ्याभोर, त्यातल्या दोन-चार ओरबाडून त्यांनी तळहातावर घेतल्या आणि अंगठ्याने रगडल्या, फुंकर मारली, की हातावर पाच-सहा पांढरे दाणे. म्हणाल्या, "वास घ्या आधी, मंग पैशाचं बघू." कच्च्या दाण्याला पण वास होता.

शिजवताना पहिल्या वेळी मी नेहमीसारखं एकाला दोन पाणी घालून कुकरला लावला आणि भात गिच्च गोळा झाला. नवा तांदूळ आहे, पाणी कमी लागतं. नंतर पातेल्यात केला, एकाला दीड पाणी, अर्धा तास भिजवून, झाकण ठेवून मंद गॅसवर, तो मऊ पण मोकळा झाला. आणि वास म्हणाल तर पाण्याला उकळी फुटली तेव्हाच घरभर. माझ्या सासूबाई गुडघ्याला तेल लावून आतल्या खोलीत पडल्या होत्या, तिथूनच त्यांनी विचारलं, "काळभात कुणी आणला?" मी पिशवी बाहेरच ठेवली होती, त्यांना दाखवली पण नव्हती. त्यांचं माहेर अकोले तालुक्यातल्याच राजूरकडचं. त्या दिवशी जेवताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या खाचरात एक तुकडा कायम काळभाताचा असायचा, तो विकायचा नाही, घरात बाळंतीण असली किंवा पाहुणे आले की तेवढ्यापुरता काढायचा. मग हळूहळू जास्त उतारा देणाऱ्या जाती आल्या, तो तुकडा पण त्यातच गेला, आणि बी ठेवायचं कुणी म्हणून राहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली मला या घरात, हे त्या पहिल्यांदा बोलल्या. नुसता भात, वर तूप आणि मीठ, एवढंच खाल्लं त्यांनी त्या दिवशी, वरण घेतलंच नाही.

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत. कणी बरीच निघाली. मी एक किलो नीट पाखडून वेगळं करून बघितलं तर वाटीभर तरी कणी, शिवाय पाच किलोत सात-आठ बारीक खडे. कणी वाया गेली नाही, तिची पेज केली, पण 130 रुपये देणारं माणूस विचारणारच. दुसरं म्हणजे पिशवीवर काहीच लिहिलेलं नाही, कोणत्या हंगामाचा भात, कधी भरडला, काही नाही. आणि या तांदळाला पॉलिश कमी असतं, त्यामुळे तो फार टिकत नाही, गणपतीपर्यंत उरलेल्या दोनेक किलोला सोंडे लागले. उन्हात टाकायचा नाही, सावलीत पसरायचा, निवडायचा आणि कडुनिंबाचा पाला घालून घट्ट डब्यात ठेवायचा. तुम्ही घेणार असाल तर एका वेळी दोन-तीन किलोच घ्या, साठवून ठेवायचा हा तांदूळ नाही.

रेटबद्दल एक बोलायचंय. लोक म्हणतात की 130 मध्ये बाजारात चांगला इंद्रायणी येतो. येतो. पण इंद्रायणी हे आपल्याकडे सगळ्यांना जुनं गावठी वाण वाटतं, ते तसं नाहीये, ते वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 या भाताच्या दोन जातींचा संकर करून काढलेलं आणि 1987 मध्ये आलेलं वाण आहे. चांगलंच आहे, मी पण खाते, शेतकऱ्याला त्यात चार पैसे जास्त सुटतात. काळभात, रायभोग, जिरवेल, कोळपी ही वाणं कुठल्या केंद्रात तयार झालेली नाहीत, ती त्या डोंगरातल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या चांगली लोंबी बघून बाजूला काढत काढत केली. काळभात उंच वाढतो, कापणीच्या आधी जोराचा पाऊस-वारा झाला की लोळतो, एकरी उतारा कमी पडतो, त्यामुळे त्याला इंद्रायणीच्या रेटने विकला तर लावणाऱ्या बाईचं नुकसान ठरलेलं. उंच असल्यामुळे पेंढा जास्त मिळतो, जनावरांना होतो, तो फायदा आहे पण तो शहरातल्या गिऱ्हाइकाच्या हिशोबात येत नाही. मला विचाराल तर 130 रास्त आहे. फक्त कणीचं आणि खड्यांचं त्यांनी बघावं.

आता बियाणं, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

दहा पुडकी म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, दोऱ्याने बांधलेल्या, वर पेनाने नाव. दोन प्रकारचा वाल, घेवडा, दुधी, काकडी, दोडका, भोपळा, अंबाडी, राजगिरा आणि गावरान टोमॅटो. वालाच्या एका पुडीवर नुसतं "वाल मोठा" आणि दुसरीवर "वाल लाल", बस. कधी पेरायचं, किती अंतरावर, वेलाला मांडव लागतो की नाही, काहीही लिहिलेलं नाही. मावशींना विचारलं की त्या सगळं सांगतात, अगदी मन लावून सांगतात, पण पाठीमागे गर्दी असते आणि घरी येईपर्यंत निम्मं विसरायला होतं. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं म्हणून निभावलं. एक साधा छापील कागद प्रत्येक पुडीबरोबर दिला तर किती बियाणं वाचेल, कारण चुकीच्या वेळी पेरून फुकट गेलेलं बियाणं म्हणजे पुडीत सडलेलंच.

पेरायच्या आधी मी ओल्या फडक्यात उगवण बघितली, ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी, फडकं ओलं करून त्यात बी मोजून ठेवायचं, गुंडाळून ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं. वाल दहापैकी दहा. घेवडा दहापैकी नऊ. दुधी सहापैकी पाच. दोडका सहापैकी चार. काकडी आठपैकी तीन, म्हणजे ते बी जुनं तरी होतं किंवा फळ नीट पिकायच्या आधीच काढलेलं होतं. टोमॅटो आणि राजगिरा भरपूर उगवला. अंबाडी मी उशिरा पेरली, तिच्याबद्दल बोलत नाही.

जागा म्हणाल तर घरामागे साधारण अर्धा गुंठा आणि वर गच्चीत काही ड्रम. दुधीचं एक सांगते कारण त्यात मला बरंच शिकायला मिळालं. सुरुवातीला नुसती फुलं गळत होती, मी घाबरले, तर ती सगळी नर फुलं, मादी फुलं मागून येतात, तिच्या देठाशी बोटाएवढा बारका दुधी आधीच असतो त्यावरून ओळखायचं. आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. आमच्या गल्लीत शेजारी पण दुधी आहे, दुकानातल्या पुडीचा, आणि दुधी-काकडी-दोडका यांचं परागीकरण किडे-पाखरं करतात, म्हणजे माझ्या वेलावरचं बी शुद्ध राहीलच असं नाही. म्हणून एका मादी फुलाला उमलायच्या आदल्या दिवशीच कागदाची पिशवी बांधली, संध्याकाळी त्याच वेलाचं नर फूल खुडून त्यावर फिरवलं, पुन्हा पिशवी, आणि फळ धरल्यावर देठाला लाल दोरा बांधला की हा कुणी भाजीला तोडायचा नाही. तो दुधी वेलावरच वाळू दिला, साल लाकडासारखं झालं, हलवला की आत खुळखुळ वाजायचं. त्यातून दोन मुठी बी निघालं.

वाल आणि घेवड्याला एवढा व्याप नाही, त्यांचं परागीकरण बहुतेक आपल्या आपणच होतं, नवशिक्या माणसाने बी धरायला तिथूनच सुरुवात करावी. पण वालाने मला वाट बघायला लावली. जूनच्या शेवटी पेरला, सगळा पावसाळा नुसता पाला, मांडव भरून गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, फूल नाही. मी मावशींना फोन केला की तुमच्या वालाला फूलच येत नाहीये. त्या म्हणाल्या, "दिस लहान व्हऊ द्या, त्याला थंडीची चाहूल लागली की लागतोय तो." आणि तसंच झालं, दसरा झाला आणि जांभळ्या फुलांचे तुरे आले, दिवाळीनंतर शेंगा सुरू झाल्या त्या संक्रांत होऊन गेली तरी चालू. दिवस लहान झाल्याशिवाय फुलायचंच नाही हा जुन्या वालाचा स्वभाव आहे, नवीन बुटक्या जातींमध्ये तो काढून टाकलाय म्हणून त्या कधीही लावता येतात. मध्ये शेंड्यांवर काळा मावा आला होता, पाण्याचा जोरात फवारा आणि वर राख, एवढ्यावर आटोक्यात आला. चवीचं म्हणाल तर मोठ्या वालाच्या कोवळ्या शेंगांची भाजी चांगली, पण लाल वालाचे दाणे मोड काढून जी उसळ झाली ती माझ्या मुलीने, जी कडधान्य म्हटलं की तोंड फिरवते, तिने दोन वेळा मागून घेतली.

इथं माझा आधीचा अनुभव सांगते म्हणजे मी हे का करतेय ते कळेल. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून महाग पुडीचा टोमॅटो आणला होता, पीक जबरदस्त आलं, एकसारखी लालबुंद फळं. मी त्यातलीच छान फळं निवडून बी धरलं, पुढच्या वर्षी पेरलं, तर एका झाडाला लांबट, एकाला गोटीएवढी, एकाला फळंच नाहीत. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला दर वर्षी नवीन पुडी घ्यायची असते, पण हे विकताना कुणी सांगितलं नव्हतं. ते संकरित बियाणं होतं, पहिल्या पिढीत दोन आईबापांचे गुण एकत्र येतात आणि दुसऱ्या पिढीत ते विखुरतात, यात फसवणूक नाही, निसर्गाचा नियमच आहे, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की बियाण्याची चावी दुसऱ्याच्या हातात. आमच्यासारख्या परसबागवाल्यांचं काय, 40 रुपयांची पुडी परत आणू. दोन एकर डोंगरउताराच्या बाईने दर वर्षी हजारो रुपयांचं बियाणं आणि त्याला लागणारं खत-औषध कुठून आणायचं?

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे, शाळेत न गेलेली बाई, घरात बियाणं जपत जपत शंभराहून जास्त वाणांची बँक उभी केली, त्यात वालाचेच कितीतरी प्रकार. बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. डॉ. माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं आणि 2020 ची पद्मश्री मिळाली. टीव्हीवर तेव्हा सगळ्यांनी बघितलं, स्टेटसला फोटो ठेवले, मी पण ठेवला होता. पण किती जणांनी त्यानंतर गावठी वाणाची एक तरी शेंग विकत घेऊन खाल्ली? त्यांच्या बँकेची रीत अशी की बियाणं नेलं की पीक आल्यावर दुप्पट परत द्यायचं. मी ज्या स्टॉलवरून घेतलं त्या मावशींनी पण पैसे घेताना हेच सांगितलं होतं, दुप्पट नाही म्हणाल्या, "मूठभर आणून द्या पुढल्या साली, तेवढंच."

मला सुरुवातीला हे कळलं नव्हतं की मी पैसे दिलेत तर परत कशाला द्यायचं. ते वर्षभर वेल सांभाळल्यावर कळलं. एका गावात पाऊस गेला, एखाद्या घरात उंदराने मडकं फोडलं, तर तेवढं वाण तिथं संपतं, आणि मग ते फक्त संगमनेरच्या एखाद्या परसात किंवा घोटीच्या कुणाच्या तरी उतरंडीत शिल्लक असतं. सरकारी पातळीवर दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत लाखो नमुने अतिथंड खोलीत ठेवलेत, ते हवंच, आपल्या राज्याने पण 2022 मध्ये महाराष्ट्र जनुक कोषाला मंजुरी देऊन त्यासाठी 172 कोटींहून जास्त रकमेची तरतूद केली. पण थंड खोलीतलं बी ज्या दिवशी ठेवलं त्या दिवसाचंच राहतं. शेतातलं बी दर वर्षीचा बदललेला पाऊस, नवी कीड बघतं, आणि त्यातून जे तगतं तेच बाई पुढे धरते. चंद्रपूरच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये पटेल 3 या भाताच्या वाणाच्या पिकात वेगळ्या दिसलेल्या तीन लोंब्या बाजूला काढल्या, त्यातूनच पुढे एचएमटी तांदूळ आला, सगळ्या देशात गेला. असं डोळ्याने निवडणारं माणूस शेतात असावं लागतं, नाहीतर ती लोंबी इतरांबरोबर मळली जाते.

काही जण विचारतात असं सुटं, बिनकंपनीचं बियाणं विकणं कायद्यात बसतं का. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 चा आहे, त्यात शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवायचा, पेरायचा, एकमेकांत देवाणघेवाण करायचा आणि विकायचा हक्क दिलेला आहे, संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही एवढीच अट. तेव्हा त्या कागदाच्या पुड्या बघून बिचकू नका.

बी साठवण्यात एक चूक माझ्याकडून झाली ती सांगते म्हणजे तुमचं नुकसान व्हायला नको. वालाचं बी दोन बरण्यांत ठेवलं, एकीत मावशींच्या सांगण्याप्रमाणे चाळलेली गोवरीची राख मिसळून, दुसरी बरणी दिसायला छान होती म्हणून नुसतीच. महिन्याभरात दुसऱ्या बरणीत बियांना भोकं आणि तळाला पीठ. भुंग्याची अंडी शेतातच शेंगेवर घातलेली असतात, आपल्याला दिसत नाहीत, राखेने बी कोरडं राहतं आणि भुंग्याला हालचाल करता येत नाही. राखेतल्या बरणीत एक भोक नव्हतं. जवळजवळ पाव किलो लाल वाल माझ्याकडून गेला त्यात आणि अजून हळहळ वाटते, कारण लाल वाल माझ्याकडे तेवढाच होता, मोठा वाल आणि दुधी तेवढे राखेत होते.

या मे महिन्यात त्या मावशी पुन्हा आल्या होत्या, स्टॉल त्याच रांगेत. या वेळी पुड्यांवर पेरणीचा महिना लिहिला होता, हे बघून फार बरं वाटलं. तांदळातली कणी मात्र तशीच आहे, मी पुन्हा सांगितलं, त्या म्हणाल्या गिरणी दूर आहे आणि जी आहे ती जुनी आहे, टेंपोभाडं देऊन लांबच्या गिरणीला नेलं तर रेट वाढतो. मी माझ्या पुड्या काढल्या. मावशींनी मोठ्या वालाची एक बी दाढेखाली धरली, कटकन वाजली, मान हलवली. दुधीचं बी पाण्यात टाकून बघितलं, तरंगलेलं बाजूला केलं. काकडीचं मी दोन फळांतून धरलं होतं, ते त्यांनी बोटांत चोळलं आणि मला परत दिलं, "हे पोकळ हाय, घेत नाय मी." फळ पिवळं पडून देठ सुकेपर्यंत वेलावर ठेवायला पाहिजे होतं, मी घाईने काढलं. लाल वालाचं विचारलं तेव्हा मी खरं काय झालं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण गप्प झाल्या, मग पाठीमागच्या पिशवीतून एक पुडी काढून मला दिली, पैसे घेतले नाहीत, आणि वहीत माझं नाव लिहून पुढे "लाल वाल, 11 बिया" असं लिहून घेतलं.

स्टार द्यायचे तर तांदळाला चव-वासाचे पाच आणि निवडण्या-भरडण्याचे तीन, बियाण्याला काकडी सोडून पूर्ण पाच. जाणार असाल तर सुटे पैसे न्या, नेट चालत नाही तिथं, आणि पिशव्या घरून न्या. अकरा बियांपैकी नऊ वर आल्यात, दोन अजून मातीत आहेत, सासूबाई रोज सकाळी बघून येतात.